टाकून दिलेली बाज

हा किस्सा वडवणीत मी सोडून सगळ्यांनी सांगून झालाय. भाजीवाली सांगते, पिठाच्या गिरणीवाले सांगतात, आणि प्रत्येकाच्या किश्श्यात मी थोडी थोडी आणखी वेंधळी होत जाते. म्हटलं, फजिती आपली आणि सांगायचा मान गावाला? तेव्हा घ्या चहा, आणि जिनं गोंधळ घातला तिच्याच तोंडून एकदा ऐका.

लग्न होऊन तेव्हा मला जेमतेम दोन महिने झाले होते. माहेर नाशिकचं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं. मी मुळात कमी बोलते. वडवणीत आल्यावर तर आणखीच कमी, कारण इथले निम्मे शब्द कळायचे नाहीत आणि विचारायची लाज वाटायची. कुणी काही म्हटलं की मी मान हलवायची. एवढ्यावर गल्लीत माझं नाव झालं! "सून लई गरीब हाय. उलटा शब्द न्हाई तोंडात." आता तुम्हीच सांगा, शब्द सुलटाच कळला नाही तर तो उलटा कसा करायचा?

तर, पप्पांनी लग्नात हौसेनं टेंपो भरून सामान दिलं होतं. सोफा, दिवाण, कपाट, डायनिंग टेबल, आणि माणसाएवढ्या आरशाचं ड्रेसिंग टेबल. आणि सासरच्या घरात हे सगळं आधीच होतं! मग काय, घरात चालायचं म्हणजे आडवं चालायचं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, एका सकाळी त्या आरशासमोरून गेले आणि गडबडीत स्वतःलाच "रामराम पाव्हणं" म्हणाले.

त्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी ठरवलं, जुनं सामान द्यायचं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलींसाठी गावाबाहेर बीड रोडला एक वसतिगृह आहे, तिथं. मामा म्हणाले, "भंगारवाला दारात येतो की." आत्याबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मामा पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

वस्तू द्यायची म्हणजे काय करायचं असतं, ते मी त्या आठवड्यात बघितलं. माझी कल्पना अशी, की टेंपो बोलवायचा, सामान चढवायचं, झालं. छे! आत्याबाईंनी एकेक खुर्ची अंगणात काढली, घासली, धुतली, उन्हात वाळवली. मग तिच्यावर स्वतः बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत हो! डावीकडं डोलल्या, उजवीकडं डोलल्या, उठून पुन्हा धपकन बसल्या. एक खुर्ची जराशी कुरकुरली, तिची रवानगी लगेच सुताराकडं.

"अगं, द्यायचीच हाय ना ती?" मामा ओसरीवरून म्हणाले. "मग कावून एवढी तिची परीक्षा?"

"आपल्या घरून गेल्यावर कुरकुरली, तर आपलं नाव घिऊन कुरकुरंल."

कपाट रिकामं देऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक खणात काहीतरी ठेवलं. एका खणात साबण, एकात खोबरेल तेलाच्या बाटल्या, एकात कंगवे आणि लाल रिबिनी. मी बघतच राहिले. आमच्या सोसायटीत जुनं कपाट द्यायचं झालं तर आधी त्याची हँडलं काढून ठेवतात.

त्याच आठवड्यात वरच्या खोलीतून एक जुनी लाकडी बाज खाली आली. आत्याबाईंनी तिची जुनी दोरी कापून काढली, पाय तेलानं पुसले आणि दोन दुपारी बसून नवी सुती दोरी विणली. दोरीचं दुसरं टोक धरायला मी होते. काय ती वीण! सगळ्या चौकटी सारख्या, जणू कुणी आखून दिल्यात. ही कशासाठी, असं मी विचारलं का? नाही. खुर्च्या धुतल्या त्या द्यायला, कपाट भरलं ते द्यायला. मग बाज विणली ती कशाला? उघड आहे!

असं मला वाटलं.

टेंपो आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. मामा बाजारात गेलेले. वसतिगृह चालवणाऱ्या सुमनताई, टेंपोवाला आणि त्याचा जोडीदार, अशा तिघांनी मिळून सामान चढवलं. आत्याबाई आत भजी तळत होत्या. मी ओसरीवर, मान हलवायच्या कामावर.

शेवटची खुर्ची टेंपोत गेली आणि आतून आत्याबाईंचा आवाज आला, "अगं, झालं का त्यांचं? मग त्यांना ती बाज टाकून दे!"

आता नाशिकला टाकून दे म्हणजे टाकून दे. तिथं त्याला दुसरा अर्थ नाही. आणि टेंपो दारात उभा असताना 'टाकून दे' काय, 'देऊन टाक' काय!

मी बाजेकडं बोट दाखवलं. "ही पण."

"ही बी?" सुमनताई चमकल्या. "अहो, ही तर आत्ताच विणल्यावाणी दिसती. नक्की ना?"

आणि इथं मला कुठून वाचा फुटली देव जाणे. पदर सावरून मी म्हटलं, "आमच्याकडं देतात ते चांगलंच देतात."

वडवणीतलं माझं तोवरचं सगळ्यात मोठं वाक्य! सुमनताईंनी हात जोडले. टेंपोवाला म्हणाला, "चला ताई, बाजार भरला की रस्ता निघायचा न्हाई." बाज टेंपोच्या टपापर्यंत उभी राहिली, टेंपो निघाला, आणि मी कोपऱ्यापर्यंत हात हलवला. मनात म्हटलं, शोभलो बाई आपण या घराला.

आत्याबाई भज्यांचं ताट आणि चहाचे कप घेऊन बाहेर आल्या.

"गेले?"

"हो."

"चहा न घेता? अगं, बसायला बाज टाकली न्हाईस का?"

"टाकली की."

त्यांनी ओसरी बघितली, अंगण बघितलं. "कुठं?"

"टेंपोत."

ताटातलं एक भजं घरंगळत खाली पडलं. आम्ही दोघींनी त्याच्याकडं बघितलं. बाज टाकणं म्हणजे पाहुण्याला बसायला बाज मांडणं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "अगं माय, ती नाजनीनची बाज व्हती."

नाजनीन म्हणजे समोरच्या शमीमचाचींची लेक. चाचींचा फळांचा गाडा आहे. नाजनीन बीडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि त्याच दिवशी दुपारनंतर बाळाला घेऊन माहेरी येणार होती. आमच्या गल्लीत बाळंतीण कुणाच्याही घरची असो, ती सव्वा महिना याच बाजेवर निजते. आमचे हेसुद्धा याच बाजेवर वाढलेले. खालून शेगडीची ऊब लागायला दोरीची जाळीदार वीण पाहिजे. चाचींकडं पेटीचा डबल बेड. त्याच्या खाली शेगडी कुठून सरकवणार? म्हणून आत्याबाईंनी शब्द दिला होता, लेक यायच्या आत बाज तुमच्या घरात.

आणि तो शब्द मी टेंपोत घालून, वर हात हलवून, बीड रोडला पाठवून दिला होता!

तेवढ्यात चाची दारात. "भाभी, नाजनीन निकली बीड से! बाज ले जाऊं क्या?"

आता सगळं बाहेर येणार. सून किती गरीब आणि किती हुशार, ते गल्लीला कळणार. पण आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "थोडं थांबा चाची. बाज जरा ढिली झालीय. ताणून आणायला पाठवलीय."

"तुम बुने और ढीली?" चाचींचा विश्वासच बसेना. "क्या बोलते भाभी!"

"वय झालं आता. हातात जोर न्हाई राह्यला."

ऐकलंत? ज्या बाईच्या विणीचं कौतुक वडवणीपासून धारूरपर्यंत, तिनं स्वतःच्या हाताला नाव ठेवून घेतलं. माझं नाव तोंडातून काढलं नाही. चाची गेल्यावर मी रडवेली होऊन म्हटलं, "आत्याबाई, सुमनताईंना फोन करते."

"दिलेली वस्तू फोनवर परत मागत असतेत का? तोंड दावून मागावं लागतं. काढ तुझी गाडी."

माझी स्कूटी! आत्याबाई आजवर तिच्यावर बसल्या नव्हत्या. "पडले तर तुझ्यावरच पडंन" असं सांगून बसल्या, आणि आम्ही भर बाजारातून निघालो. मिरच्यांचे ढीग, शेळ्या, भांड्यांची दुकानं. डोक्यावर पदर घेतलेली सासू मागं आणि घामानं भिजलेली सून पुढं, हे बघायला निम्मा बाजार थांबला.

"काय वो वैनी, कुठं निघालात?"

"सुनेला बाजार दावाय!" आत्याबाई ओरडल्या. बाजार एव्हाना मागं पडलेला.

वसतिगृहात पोचलो तर सामान उतरून झालं होतं. पोरी रिबिनींवर तुटून पडल्या होत्या. आणि व्हरांड्यात, आमच्या बाजेवर, एक म्हातारी पाठ टेकून पडलेली. गयाबाई. मुलगा-सून कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले, म्हणून दोन नातींसोबत ही इथं राहते आणि सगळ्या पोरींच्या भाकरी थापते. आत्याबाईंना बघून म्हणाली, "या बाई. तुमचीच का ही बाज? लई दिसानं पाठीला आराम पडला बगा."

संपलं! आत्याबाई बाजेच्या कडेला बसल्या. त्यांनी दोरीवरून हात फिरवला. तोंड उघडलं, मिटलं. गल्लीत जिच्या जिभेला पोलीसपाटील वचकून असतात, ती बाई दोरीच्या चौकटी मोजत बसली. तिकडं नाजनीनची रिक्षा निघालेली, इकडं म्हातारीची पाठ सुखावलेली. मी एकदा आत्याबाईंकडं बघितलं, एकदा गयाबाईकडं. म्हटलं, घोटाळा माझा, तर तोंडही मीच उघडायला पाहिजे.

आणि मी उघडलं. तेच चुकलं!

"आजी, ही बाज आम्हाला परत पाहिजे होती. चुकून आली. घरी बाळंतपण आहे."

"घरी? कुनाच्या?"

आता मला म्हणायचं होतं शेजारी. पण आत्याबाई नेहमी म्हणायच्या, नाजनीन काही परकी नाही. त्या समोर बसलेल्या असताना परकी कसं म्हणू? म्हटलं, "आमच्याच घरी."

गयाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मधेच थांबून जरा जास्त बघितलं.

"कवा हाय?"

मला वाटलं, बाज कधी लागणार असं विचारतेय. "आजच. संध्याकाळच्या आत."

एका पोरीच्या हातातून कंगवा पडला.

"आन् लगीन कवा झालं गं तुझं?"

"दोन महिने झाले."

अहो, ती म्हातारी बाजेवरून अशी उठली, की पाठ तिची दुखत होती का माझी, असा प्रश्न पडावा! "बस! बस बाई खाली! अगं पोरींनो, पानी आना! आन् तुमी वो," ती आत्याबाईंवर कडाडली, "सासू हाव का कोन? असल्या पोरीला गाडी चालवाय लावता?"

आत्याबाईंनी उठून काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना हसू फुटलं. ते काही थांबेना. पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी, खांदे गदागदा.

"हसता कावून? लाज न्हाई वाटत?" गयाबाईनं बाजेचं एक टोक उचललंसुद्धा. "ए टेंपोवाल्या! घाल ही बाज गाडीत! बाज बाळंतिनीची असती. म्हातारीला भुई हाय."

टेंपोवाला माझ्याकडं डोळे फाडून बघत होता. तो बाज घेऊन पळालाच. सुमनताईंनी मला बळंच बसवलं. माझ्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हाताची कुणीतरी नाडी बघतंय. मी "नाही हो, मी नाही, मी नाही" म्हणतेय, आणि गयाबाई मला पंख्यानं वारा घालत म्हणतेय, "पहिलटकरनीला असंच हुतंय. भिऊ नगंस."

शेवटी आत्याबाईंना श्वास सापडला आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. नाजनीन, चाची, शब्द, शेगडी. ऐकून गयाबाईही अशी हसली, की बाजेवाचून उभ्या उभ्या पाठ धरून हसली. हसणं ओसरलं तेव्हा आत्याबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "तुमची पाठ भुईला लागू देणार न्हाई. त्याच टेंपोतून माझा पलंग येतोय."

"आन् तुमी?"

"माझ्या सुनेच्या माहेरचा दिवाण हाय की. नवा."

मी पटकन म्हटलं, "आत्याबाई, दिवाणच देऊ या. तुमचा पलंग कशाला?"

"त्याच्या गादीत पाठ बुडती. दुखऱ्या पाठीला असलं देतेत व्हय?" म्हणजे स्वतःच्या पाठीला चालतं! आजही त्या दिवाणावर झोपतात आणि रोज सकाळी म्हणतात, चिखलात झोपल्यावाणी वाटतंय. पण पलंगाचा विषय काढत नाहीत.

इथं किस्सा संपायला हवा होता. पण टेंपोवाला! तो अर्धं ऐकून निघाला होता. बाज टपाच्या वर उभी, टेंपो भर बाजारात अडकलेला, आणि जो तो विचारतोय, "कुनाची रं बाज?" आणि हा प्रत्येकाला सांगतोय, "त्या नव्या सुनेची. लई घाई हाय, बाजूला व्हा!" लोकांनी रस्ता दिला म्हणतात. एरवी त्या रस्त्यात अँब्युलन्स अडकते.

वडवणीची अफवासुद्धा घरंदाज बरं का. बाजारात ती "आजच बाळंत होणार" अशी होती. बसस्टँडजवळ तिला स्वतःलाच संकोच वाटला असावा, कारण आमच्या गल्लीत पोचेपर्यंत ती "सुनेला दिवस गेले" एवढीच राहिली होती. सभ्य आणि पटण्यासारखी.

आम्ही पोचलो तर दारात बाजेचा टेंपो आणि सात-आठ बायका. एकीच्या हातात मीठ-मोहऱ्या. मी स्कूटी उभी करायच्या आत दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. "सावकाश! पायरी हाय!" नेमकी तेव्हाच नाजनीनची रिक्षा आली. पोटच्या गोळ्याला कवटाळून ती बिचारी उभी, आणि तिच्याकडं बघायला कुणाला वेळ नाही! शेवटी तीच दमल्या आवाजात मला म्हणाली, "भाभी, मुबारक हो."

आत्याबाईंनीच सगळ्यांना बाजूला सारलं. "व्हा तिकडं! लेकरू उन्हात हाय." बाज चाचींच्या घरात गेली, खाली शेगडी सरकली, वर गोधडी पडली. नाजनीन हळूच आडवी झाली, बाळाला कुशीत घेतलं आणि तिनं डोळे मिटले. चाचींनी दोरी हातानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "कहां की ढीली? लोहे जैसी है!" आत्याबाई दुसरीकडं बघायला लागल्या.

त्यानंतर मी काय करावं? वडवणीत आल्यापासून बोलले नाही तेवढं त्या आठवड्यात बोलले. घरोघरी सांगत फिरले, "काकू, तसं काही नाही हो. गैरसमज झाला."

"व्हय की," काकू डोळे मिचकावून म्हणायच्या. "पहिले तीन महिने सांगतच नसतेत. शहाणी हाय सून."

मी जितकं नाही म्हणेन तितकं ते खरं होत गेलं. चिंचा आल्या, लोणचं आलं, चाचींनी डाळिंबं पाठवली. नाशिकहून आईचा फोन आला, ती रडत होती. ह्यांना बीडच्या ऑफिसात कुणीतरी पेढे मागितले, आणि ह्यांनी मला फोन करून अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, मला कधी सांगणार होतीस?"

परवा त्यावर कडी झाली. सुमनताई वसतिगृहातून एक पिशवी घेऊन आल्या. ओसरीवर निम्मी गल्ली शेंगा फोडत बसलेली. त्यांच्यादेखत सुमनताईंनी पिशवीतून दोन दुपटी काढली. गयाबाईनं पलंगावर बसून, जुन्या लुगड्यांची शिवलेली. बारीक टाका, कडेला लाल रिबिनीची पट्टी. एक नाजनीनच्या बाळाला. आणि दुसरं?

"ह्यांना," सुमनताई माझ्याकडं बघून म्हणाल्या. "आजी म्हनल्या, पुढं लागंल."

शेंगा फुटायच्या थांबल्या.

मी ते दुपटं घेऊन आत पळाले. आत्याबाई मागोमाग आल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, हे परत कसं करायचं?"

त्यांनी दुपटं हातात घेतलं, टाका बघितला, घडी घातली आणि माझ्याच माहेरच्या कपाटात, माझ्याच साड्यांवर ठेवलं. "परत कावून? एवढी चांगली वस्तू. आज न्हाई तर पुढल्या साली कामाला येईल."

माझे कान तापले, मान खाली गेली. त्यात मेलं ते ड्रेसिंग टेबल समोरच होतं, त्यामुळं मी किती लाल झालेय ते मलाही दिसलं. आणि दारात डाळिंबांची टोपली घेऊन उभ्या असलेल्या चाचींनाही.

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि ओसरीकडं तोंड करून आख्ख्या गल्लीला सांगितलं,

"लो, अब तो मुंह पे बी दिखने लगा!"